बिश्केकमार्गे लग्न

"बंद आहे, काका," बुरुलचाने विवाह नोंदणीच्या खिडकीतून सांगितलं आणि तोक्तोसुनकाकांचा पारा चढला.

घरी लग्नाच्या कढईखाली जाळ लागला होता, अख्खं गाव जेवायला यायचं होतं आणि मुल्ला हटून बसला होता: आधी सरकारी दाखला, मगच निकाह. मागे एका लग्नात नवरदेवाची पहिली बायको ऐन वेळी उगवली, तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

"अगं, मुलगी माझी, मुलगा पलीकडच्या गल्लीतला. दोघांना तू रांगताना पाहिलंयस. मार की शिक्का!"

"शिक्क्याने काय होतंय? अर्ज केबलमधून दोन खिंडी ओलांडून बिश्केकच्या मशीनला जातो. तिथून होकार आला की मग माझा प्रिंटर हलतो."

"म्हणजे या खिडकीतला कागद माझ्या हातात यायला राजधानीला जाऊन येणार? एव्हाना माझ्या मेंढ्या जाऊन आल्या असत्या!"

"चालू असलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं हो. पण सकाळपासून बँक, दवाखाना, पोस्ट, सगळंच ठप्प आहे."

काकांनी राजधानीतल्या लोकांचा मनसोक्त उद्धार केला. एवढ्यात ऑफिसातल्या जुन्या तारेच्या फोनवर बिश्केकहून निरोप आला: आमच्याकडे सगळं ठीक आहे, केबल तुमच्याच गावात तुटलीय.

"ज्या गाढवाने तोडली ना," काका गरजले, "त्याला माझ्या कढईत नाही उकळला तर नावाचा तोक्तोसुन नाही!" शेजारच्या पेन्शनच्या खिडकीपुढे रांगेत ताटकळलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मेलिस नावाचा दुरुस्तीवाला यंत्र घेऊन आला. केबलमध्ये प्रकाश सोडला की तो कुठून परत फिरतो ते यंत्र सांगायचं. मेलिसच्या मागे काका आणि काकांच्या मागे सगळी रांग. बँक मागे पडली, हमामखाना मागे पडला.

"अरे, इकडे कुठे? इकडे तर माझं घर आहे."

मेलिस अंगणात जमिनीत खणलेल्या चुलीपाशी थांबला. वर भली मोठी कढई रटरटत होती. "ही चूल कधी खणलीत?"

"आज सकाळी. लग्नाची कढई काय घरातल्या शेगडीवर बसते?"

"खणताना काही लागलं?"

"काळी मुळी लागली एक. मेली काय चिवट! शेवटी कुऱ्हाड..." काका बोलता बोलता थांबले.

"कढई उतरवा," मेलिस म्हणाला.

"खबरदार!" काकू डाव घेऊन धावल्या. "लग्नाची कढई अर्ध्यात उतरवली तर माझ्या पोरीचं काय व्हायचं?"

झालं! मांस शिजेपर्यंत अख्खा तालुका जगापासून तुटून राहिला. बँकवाले आले, पोस्टवाले आले, काम नाही म्हणून बुरुलचाही आली. निकाहाआधीच पंगती उठल्या. नवरी आयझिरेक खिडकीत बसून डोळे पुसत होती आणि काकांची तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

कढई उतरली. मेलिसने ऊन राखेत हात घालून केबल जोडली. बुरुलचा खरकट्या हातानेच ऑफिसात पळाली आणि दाखला फडकावत परतली. मुल्लाने तो उलटसुलट बघून घेतला आणि निकाह लावला. काका एकदाचे मटकन खाली बसले.

तेवढ्यात रांगेतला सगळ्यात म्हातारा चुलीजवळून ओरडला, "तोक्तोसुन, कढई धुऊन ठेवलीय रे! येतोस ना?"