अपुऱ्या उन्हाचा निषेध

माणसाने अभिमान कशाचा बाळगावा याला मर्यादा नाही. किल्ला असलेली गावे किल्ल्याचा बाळगतात, समुद्र असलेली समुद्राचा. नागपूरला संत्रे आहे हे खरे, पण चांगले संत्रे हंगाम सुरू होताच बाहेरगावी रवाना होते आणि आमच्या वाट्याला बारकी उरतात. ऊन मात्र कोणी नेत नाही. ते सगळेच्या सगळे आम्हाला मिळते. म्हणून काही विचारी नागरिकांनी उन्हाचाच अभिमान बाळगायचे ठरवले आणि त्यासाठी रीतसर ऊन-गौरव मंडळ स्थापन केले. प्रस्तुत लेखक या मंडळाचा चिटणीस आहे.

मंडळाचे कार्य थोडक्यात असे. बाहेरगावचा पाहुणा मे महिन्यात "बाप रे, काय ऊन" म्हणाला, की त्याला "हे काहीच नाही, परवा यायला हवे होते" असे सांगणे. हवामान खात्याने पंचेचाळीस अंश जाहीर केले, की त्यात दोन मिळवणे (खाते तापमापी सावलीत ठेवते, हा मंडळाचा जुना आक्षेप आहे). आणि उन्हाळाभर रोज दुपारी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, खिडक्यांना लावलेल्या खसच्या (म्हणजे वाळ्याच्या) ओल्या ताट्यांआड, कूलरसमोर बसून उन्हावर चर्चा करणे. अध्यक्ष मनोहरराव हे निवृत्त कार्यकारी अभियंता. उन्हावर त्यांच्याइतके अधिकाराने बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि उन्हात त्यांना कोणी पाहिलेले नाही.

सन १९८२ मध्ये मंडळाने उष्ण देशांचा अभ्यासदौरा आखला. त्यासाठी विषुववृत्ताला खेटून असलेले एक शहर निवडले (नाव देत नाही, कारण त्या शहराची काही चूक नव्हती). मनोहररावांचा भाचा तिथे नोकरीला होता. त्याने कळवले की, आपण याल त्याच आठवड्यात इथे मॅरेथॉन शर्यत आहे, परदेशी पाहुण्यांनाही धावता येते. सोबत माहितीपत्रक होते. त्यात ठळक अक्षरांत इशारा होता की, धावणाऱ्यांनी उष्णतेपासून सावध राहावे, तापमान एकतीस अंशांपर्यंत जाऊ शकते.

हा मजकूर सभेत तीनदा वाचावा लागला, कारण पहिल्या दोन वेळा हसण्यात ऐकू आला नाही. एकतीस अंशांना आमच्याकडे पंखा बंद करायला सांगतात. एकमताने ठराव झाला की, जे शहर एकतीस अंशांना भिते त्याची शर्यत नागपूरने जिंकलीच पाहिजे. अंतर बेचाळीस किलोमीटर, म्हणजे साधारण नागपूर ते खापा, एवढे असल्याचे एका सभासदाने निदर्शनास आणले. तो तपशिलाचा भाग असल्याने दप्तरी दाखल केला.

उमेदवार निवडताना धावण्याचा निकष मंडळाने मुद्दामच दुय्यम ठेवला. "पळणारे कुठेही मिळतात, तापलेला माणूस पाहिजे," असे मनोहरराव म्हणाले. असा माणूस शहराबाहेर वाडी गावच्या जकात नाक्यावर मिळाला. नाव बाबाराव, वय एकेचाळीस, हुद्दा कारकून. नाक्याच्या छपराचे टिन वादळात उडून गेले होते. नवे मंजूर झाले होते, पण बसायचे राहिले होते (टिनाचे नव्हे, त्याविषयीच्या समितीचे). त्यामुळे बाबाराव तीन उन्हाळे भर दुपारी उघड्यावर उभे राहून ट्रक तपासत होते. धावण्याचा पूर्वानुभव: जकात चुकवणाऱ्या ट्रकांच्या मागे. पकडलेले ट्रक: दोन (पैकी एक पंक्चर झालेला). बाबारावांचा खर्च मंडळाने उचलला, म्हणून नियमानुसार त्यांच्या धावण्याची मालकीही मंडळाकडे आली.

घरच्यांची हरकत नसल्याची खातरजमा करण्यासाठी मी वाडीला त्यांच्या खोलीवर गेलो. बाबारावांच्या पत्नी कौसल्याबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता नवऱ्याला सांगितले, "जा जी. पण आतापावतर एक तरी काम पुरं केलं का तुमी? मॅट्रिक अर्धी, मोरी अर्धी, धाकल्याले सायकल शिकवतो म्हणे तं ते बी अर्धीच. पहिला नंबर नाही आणला तरी चालते मले. शेवटापावतर जा फक्त."

"काहून नाही जाईन वं?" बाबाराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरका झाला होता. मला वाटले, आनंदाने. आता वाटते की भीतीने.

सराव एप्रिल-मे महिन्यांत झाला. बाबारावांनी रोज दुपारी व्हरायटी चौकात दोन तास उभे राहायचे. धावण्याची मनाई होती, कारण धावून माणूस शर्यतीआधीच झिजतो. पोशाख अनुभवाने ठरवला: डोके, कान आणि मान झाकणारा पांढरा दुपट्टा, लांब बाह्यांचा सदरा, दोन्ही खिशांत एकेक कांदा. आहाराबाबत एकच नियम होता की, उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायचे नाही. शिवाय सावधगिरी म्हणून खसची एक ताटी सोबत घेतली. तिकडच्या कस्टमवाल्यांनी ती कशासाठी, असे विचारले, तेव्हा मनोहररावांनी "हवेसाठी" असे खरे उत्तर दिले. त्यांनी ताटी उलटसुलट करून पाहिली आणि सोडली.

शर्यत सुरू झाली ती सूर्योदयापूर्वी. मनोहररावांनी संयोजकांकडे तत्काळ तोंडी तक्रार केली की, आमच्या खेळाडूची सगळी तयारी उन्हाची आहे, आणि ऊन न देता शर्यत घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. संयोजकांनी त्यांना केळे दिले.

आम्ही टॅक्सीतून मागे निघालो. पहिले काही किलोमीटर बाबाराव चांगले पळाले. ट्रकचा धूर नसल्याने बावचळल्यासारखे दिसत होते, इतकेच. मग त्यांनी टॅक्सी थांबवली.

"साहेब, घाम वाळूनच नाही राहिला," ते म्हणाले.

नागपुरात घाम दिसण्याआधीच वाळतो. इथे तो दुपट्ट्यातून, सदऱ्यातून, कांद्यांवरून ओघळत होता आणि हवा आधीच ओली असल्याने त्याला जायला जागा नव्हती. मनोहररावांनी क्षणभर डोळे मिटले आणि अभियंत्याच्या शांतपणाने उपाय सांगितला. ताटी पाण्याने भिजवावी, टॅक्सीच्या दोन्ही खिडक्यांतून दोघांनी ती मागच्या बाजूला धरावी आणि बाबारावांनी तिच्या मागे पळावे. नागपुरात या उपायाने मे महिन्यात खोली थंड होते. इथे बाबाराव फक्त आणखी ओले झाले. मनोहररावांनी निष्कर्ष काढला की ताटीत पाणी कमी पडते आहे.

वाटेत जागोजागी पाण्याची टेबले होती. बाबारावांनी एकाही टेबलाला हात लावला नाही. शर्यत अजून संपलेली नव्हती, म्हणजे ते अजून येतच होते, आणि आल्या आल्या पाणी प्यायचे नाही. या विचारात मला आजही दोष दिसत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या डोक्यावरचा दुपट्टा काढला, त्यांच्या तोंडाला पेला लावला आणि आपल्या भाषेत काहीतरी रागावून म्हणाली. ते प्याले.

तीस किलोमीटर झाले तेव्हा बाबारावांच्या मागे कोणीच नव्हते. माणसे टेबले उचलत होती. ते लंगडत होते. मनोहरराव टॅक्सीतून उतरले.

"बाबाराव, शेवटून पहिले येण्यापेक्षा निषेध केलेला बरा. आपण माघार घेतो. कारण, ऊन अपुरे. मसुदा तयार आहे."

"मले शेवटापावतर जाऊ द्या साहेब. घरी सांगून आलो मी."

"प्रश्न तुमच्या घरचा नाही, नागपूरचा आहे."

बाबारावांनी दोन्ही कांदे खिशातून काढून माझ्या हातात दिले आणि ते पुढे चालू लागले. मनोहररावांनी तिथेच माघारीची नोंद करवली आणि नाश्त्यासाठी ते हॉटेलवर गेले. ताटी घेऊन मला टॅक्सीत बसता येईना, म्हणून मी चालत निघालो. दुपारी, कमान उतरवून झाल्यावर, खडूची रेघ तेवढी रस्त्यावर उरली होती, ती बाबारावांनी ओलांडली. ते रडत होते. मलाही रडू आले, पण वृत्तांतात त्याला रकाना नव्हता.

नागपूरला परतल्यावर सीताबर्डीतल्या एका सभागृहात जाहीर सत्कार झाला. "परदेशात अपुऱ्या उन्हाच्या निषेधार्थ माघार घेणारा पहिला नागपूरकर" असे मानपत्र मनोहररावांनी वाचले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागे दाराशी उभ्या असलेल्या कौसल्याबाईंनी तिथूनच विचारले, "गेले होते का जी तुमी, शेवटापावतर?"

"गेलो होतो वं," बाबाराव व्यासपीठावरून म्हणाले. हार अजून गळ्यात होता.

सभेत कुजबुज झाली. मानपत्र छापून झालेले, शाल दिलेली, आणि आता माणूस पोहोचला म्हणतो. मनोहरराव लोकशाहीचे पुरस्कर्ते आहेत. त्यांनी प्रश्न मताला टाकला: बाबारावांनी माघार घेतली असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत. तीनशे बारा हात वर आले. पोहोचले असे ज्यांना वाटते त्यांनी करावेत. एक हात आला, कौसल्याबाईंचा. बाबाराव हितसंबंधी असल्याने त्यांना मत नव्हते. चिटणिसालाही नसते. मी हात मोजले आणि आकडा सांगितला.

सभा संपली. कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या, हात तसाच वर, पलीकडच्या चौकटीला टेकवलेला.

"बाई, हात खाली घ्या, मोजून झालं," मी म्हणालो.

"तुमचं झालं असंन जी," त्या म्हणाल्या. "आमच्या यायले खाली येऊ द्या आधी."

बाबारावांना पायऱ्या उतरायला वेळ लागत होता. पायाचे फोड अजून वाळले नव्हते. बाहेर पडायला तेवढे एकच दार होते, त्यामुळे तीनशे बारा लोकांना त्या हाताखालून वाकून जावे लागले. कोणाची काही तक्रार आली नाही. आपण त्या दिवशी सभेला नव्हतो असे आता बरेच जण सांगतात. वाचकहो, आपलेही तेच म्हणणे असेल, आणि मी ते मान्य करायला तयार आहे. फक्त, वाकताना आपण त्या बाईंना "जरा सरका" म्हणालात, ते मी ऐकले आहे.