अर्जाचं प्रस्थान

आबा हवालदाराला "कधी निघायचं?" असं विचारायची वडूजात कुणाची छाती नव्हती. विचारलंच तर तो डोळे बारीक करून म्हणायचा, "पोचायचं कवा, ते आदी सांग." मग समोरच्याला खाली बसवायचा आणि पोचायच्या वेळेपासून मागं मागं मोजत यायचा. साताऱ्याला अकराला पोचायचंय ना? मग वाटेत एक पंक्चर धरा, पुसेगावात ड्रायव्हरचा चहा धरा, कुणाची शेळी आडवी येईल ती धरा. म्हणजे माणूस भल्या पहाटे मोटरपाशी हजर पाहिजे! मोटर सातची, ती निघायची आठला. आबा तोवर घोंगडं पांघरून दगडावर बसलेला. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसतुयास काय? आपुन टैमात हाय. चुकली ती मोटर."

पहिल्या लढाईत तो बसऱ्याला पलटणीच्या टपालावर कारकून होता. कुठलं पोतं कुठल्या बोटीवर चढवायचं, ही त्याची ड्यूटी. लढाई संपली, पेन्शन लागली, पण ती बोट काही त्याच्या डोक्यातून उतरली नाही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या दोन खणांत तो एकटाच राहायचा. मी लहानपणापासून त्याच्याच ओट्यावर वाढलो, त्यामुळे त्याच्या विक्षिप्तपणाचा पहिला मार नेहमी मला.

दुसरी लढाई संपली त्या सुमारास मी शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. होऊन घरी आलो. आमच्या खटावच्या कोरड्या रानात पाऊस पडला तर पडला! असल्या रानात पीक कसं काढायचं, याचं शिक्षण अमेरिकेत मिळतं असं कळलं, आणि मी तिथल्या एका विद्यापीठाला पत्र टाकलं. श्रावणात उत्तर आलं. सत्र पुढल्या सप्टेंबरात सुरू होईल. अर्ज, गुणांचे दाखले आणि इंग्रजीची परीक्षा कुणा जाणत्याकडे दिल्याचं पत्र, हे सगळं एक मार्चच्या आत तिथं पोचलं पाहिजे. एक दिवस उशीर झाला, तर त्याच्याही पुढचं वर्ष. तोवर वडील मला लग्नाच्या बोहल्यावर चढवल्याशिवाय राहणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आबाला ते पत्र मी वाचून दाखवलं. त्याला फार नवल वाटलं.

"सप्टेंबरात शाळा? आन मग बेंदूर कवा असतोय त्यांचा?"

"आबा, तिकडं बेंदूर नसतो."

"मग बैलं काय म्हनत असतील?" आणि मग तो सुरूच झाला. तिथं सुगी कधी, थंडी किती, दिवस उगवतो तेव्हा आपल्याकडं काय वाजलेलं असतं, नाना प्रश्न. मला निम्म्यांची उत्तरं येत नव्हती. आबाला त्याचं काही नाही. त्याला प्रश्न पडले की झालं.

मग कोळसा घेऊन त्यानं भिंतीवर एक मार्च लिहिला आणि मागं निघाला. बोटीचे सहा आठवडे. बोट बिघडली, आठ दिवस. मुंबईत पोतं पडून राहिलं, पाच दिवस. कॉलेजचा साहेब आजारी, चार दिवस. "साहेब बरा झाला, पर त्याचा कारकून आजारी," आणखी तीन. असं मोजत मोजत गडी माझ्या मॅट्रिकपर्यंत मागं गेला!

"लय उशीर केलास गड्या," तो कळवळून म्हणाला. "तवाच अर्ज घालाया पायजे व्हता."

इंग्रजीच्या परीक्षेसाठी सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक तयार झाले. त्याआधी आबानं माझ्या चार रंगीत तालमी घेतल्या. समोर घड्याळ, हातात पितळी ताट. वेळ संपली की ताटावर पळी हाणायची आणि ओरडायचं, "पेन डाऊन!" सांगलीलाही माझ्याबरोबर आला, अर्थात एक दिवस आधी. प्राध्यापक तोंडात राखुंडी घेऊन दारात आले आणि गोंधळले. "परीक्षा उद्या आहे ना?"

"व्हय," आबा म्हणाला. "तुमी सावकाश आवरा. आमी हाय हितंच." आणि आम्ही त्यांच्या कट्ट्यावर दिवसभर बसलो. मी शरमेनं मेलो, पण परीक्षा पास झालो.

मार्गशीर्षात एक कॉलेजचा दाखला सोडून सगळं तयार झालं. आईनं पंचांग बघून आणलं, गुरुवारचा दिवस चांगला. दाखला आलेला नाही, मग अर्ज जाणार कसा? आमच्याकडं मुहूर्त आला आणि निघणं जमत नसलं, तर माणूस आपलं धोतर नि सुपारी फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवून येतो. प्रवास तिथून सुरू झाला असं धरायचं आणि खरं निघताना ते गाठोडं उचलायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आबा म्हणाला, "मग अर्जाचंच परस्थान ठिवूया की!" आईला पटलं. अर्जाचं पाकीट हळदकुंकू लावून, सुपारीसकट, आबाच्या देवळीत बसलं.

त्याच आठवड्यात मला पाटणला जमिनीच्या मोजणीचं तात्पुरतं काम मिळालं. निघताना मी आबाला बजावलं, "दाखला आला की पाकिटात घाला आणि लगेच रजिस्टर करा." दाखला आल्याचं वडिलांचं पत्र आलं, तो आबाच्या हाती दिल्याचंही कळलं. मी निर्धास्त झालो. आबासारखा माणूस असताना काळजी कसली?

जानेवारी सरता सरता परत आलो. आबाच्या घरी गेलो, तर पाकीट देवळीतच! कुंकू वाळून गेलेलं. शेजारी कॉलेजचा दाखला.

"आबा! हे काय?"

"परस्थान ज्याचं त्यानं उचलायचं असतंय," तो खाली बघत म्हणाला. "मी कसं हात लावू?"

क्षणभर मला ते खरंही वाटलं. मग भिंतीकडं लक्ष गेलं. कोळशाच्या तारखा होत्या आणि रोजची एकेक त्यानं नेमानं खोडली होती. पाकीट ज्या बोटीवर चढायला हवं होतं, तिची तारीखसुद्धा. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो, म्हाताऱ्याला काय काय म्हणालो ते आज लिहवत नाही.

"रोज उचलत व्हतो रं," तो म्हणाला. "दारापातूर जायचो आन माघारी फिरायचो. तू गेलास तर माज्याकडं येनार कोन?"

पाकीट तिथंच टाकून मी तडक बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराला कुलूप. आई म्हणाली, तो कुणाशी न बोलता तरातरा स्टेशनच्या रस्त्याला लागला, डोक्याला पटकासुद्धा नाही. पाच दिवसांनी उतरल्या चेहऱ्यानं परत आला. मुंबईच्या मोठ्या टपालात स्वतः जाऊन त्यानं पाकीट विमानानं धाडलं होतं. गावातल्या टपालावर त्याचा भरवसा नव्हता, आणि मला वाटतं, स्वतःवरही नव्हता.

प्रवेश मिळाला. पत्र आलं तेव्हा मी आधी आबाकडं पळालो. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "झ्याक."

जायच्या दिवशी सगळी गल्ली मोटरपाशी जमली, आबा तेवढा नाही. मी धावत त्याच्या घरी गेलो. तो आत ज्वारी निवडत बसला होता.

"आबा, आला नाहीत?"

"आलो आसतो तर तुला सोडला नसता," तो म्हणाला.

मी वाकून पाया पडलो. त्यानं माझं मनगट धरलं. "जा. लोकं खोळंबल्याती," म्हणाला. मी हललो नाही, कारण त्याचा हात काही सुटेना. बाहेर ड्रायव्हर भोंग्यावर भोंगा वाजवत होता. आबा "जा, जा" म्हणत राहिला आणि मनगट तसंच घट्ट धरून बसला.