तळापासून वाचणारे वामनभाऊ

आमचे शेजारी वामनभाऊ कोणताही कागद खालून वर वाचतात. लग्नपत्रिका आली की आधी छापखान्याचं नाव, मग 'कृपया आहेर आणू नये', अन् नवरा-नवरीपर्यंत पोचेस्तोवर आपला चहा निवून जातो. "बाई, वरतं कागद हासते, खरं बोलते ते खालतं," हे त्यांचं ठरलेलं. घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची हयात गेली. ट्रक आला की तिथंही आधी चाकंच पाहायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, पोरगी दूर दिल्या घरी.

वामनभाऊ अजून कामावर होते तेव्हा एक दिवस कारखान्याच्या गेटवर कंपनीचा कागद लागला. पुनर्रचना म्हणे. यंदा एकवेळचा खर्च, मग दरवर्षी बचत. माझा प्रवीण पॅकिंगमध्ये, नोकरीला दोनच वर्षं झालेली, सून पोटुशी. त्यानं मोबाइलवर फोटो आणला अन् आमच्या ओट्यावर क्वार्टरांची सारी लाइन जमली. समोरचा गजू तर भलताच खूश. "बचत होऊन राह्यली ना भाऊ! मंग बोनस वाढन!"

"ते तुह्या पगाराचीच बचत हाय, गजू," फोटो तळापासून वाचत वामनभाऊ म्हणाले.

गजूचं भजं हातातच राहिलं. "अन् खर्च कायचा?"

"तुले नारळ द्याचा. तो एकदाच. बचत मात्र जलमभर."

प्रवीणनं हळूच विचारलं, "काका, पयले कोनाले काढन?"

"नव्या पोरायले."

माझं डोकंच फिरलं. "तोंड सांभाळा भाऊ! घरात पोटुशी पोरगी हाय."

"म्या थोडी लिवलं, बाई?" म्हणत त्यांनी बोटानं शेवटची बारीक ओळ मोठी केली. पंधरा दिवसांत पुरेशा लोकांनी आपणहून निवृत्ती घेतली, तर कोणालाच काढणार नव्हते. "कंपनीले आकडा पाह्यजे. कोनाच्या पगारातून भरला, तिले काय? माह्यासारखा एक बुढा गेला का तीन पोरं वाचतेत."

ओट्यावरचे जुने लोक आपापल्या चपला शोधू लागले.

ते पंधरा दिवस वामनभाऊ 'निवृत्ती घ्या' म्हणत सायकलवर जुन्या सोबत्यांच्या घरी फिरायचे. कोणी दार लावलं, कोणी आईवरून शिव्या दिल्या. शेवटच्या दिवशी प्रवीण आला अन् दारातूनच ओरडला.

"आई, आकडा भरला. काढाच्या लोकायची यादी आता निघत नाई."

"कोन गेलं?"

"अकरा जन. पयला अर्ज काकाचा. कागद लागला त्याच दिवसाचा."

तशीच त्यांच्या घरी गेले. "सांगतलं काऊन नाई, भाऊ? रिटायर व्हाले चार वर्षं होती ना तुमची!"

"त्यात काय सांगाचं," म्हणाले, अन् कुकरच्या शिट्या मोजत बसले.

पुढच्या महिन्यात, सकाळी सहाला कारखान्याच्या पहिल्या पाळीचा भोंगा झाला अन् पाहते तर वामनभाऊ आमच्या दारात. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

"बाई, दळन हाय का? चक्कीवर जाऊन येतो."

चक्की उघडते नऊला. पीठ मी कालच दळून आणलेलं.

"हाय ना भाऊ, बसा," म्हटलं, अन् डब्यात ज्वारी भरायला आत गेले.