लोण्याचा पुडा आटला त्याची हकीकत

ज्या गाईंच्या दुधावर पश्चिम दर्यातले हिरवे बेट पोसले, त्या तमाम गाईंस दंडवत घालोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विनमास, ते समयी बेटावर महागाई थोर जाहली. विजेचा दर चढला, घरभाडे आभाळास भिडले, आणि दर्यापारच्या बड्या दरबाराने बेटाच्या लोण्यावर जकात बसविली. मग गाईवाल्यांचे लोणी विकणाऱ्या लोणीमंडळाचे अध्यक्ष फिंतानराव मसलतीस बैसले आणि बोलिले, "दर वाढवला तर रयत बोंबलेल. दर तोच ठेवा, पुडा तेवढा लहान करा." मग रतलाच्या, म्हणजे पौंडभराच्या, पुड्यातून साडेचार तोळे लोणी नाहीसे जाहले, आणि वेष्टण तेच, वेष्टणावरली गाय तीच, तीही पूर्ववत हसत होती.

त्या मुलखी एका बंदरगावी ग्रानियाबाई भटारीण नांदत होत्या. स्कोन म्हणजे चहासंगे खावयाची लोण्याची जाड गोड भाकरी, ती भाजण्यात बाईंचा हात धरील ऐसा कोणी नव्हता. परंतु बाईंनी जन्मात तराजू शिवला नाही. आईने सांगितले, एका घाण्यास एक पुडा, म्हणोन चाळीस वर्षे एका घाण्यास एक पुडा, आणि गावच्या तमाम बायांची रीत हीच. आता पुडा आटला आणि स्कोन कोरडे ठक्क पडू लागले. बाईंनी भट्टी घासली, पीठ बदलिले, आणि दूधवाल्यास नाहक शिव्या दिल्या, परंतु गुण येईना. मग सराईवाले डेर्मटराव, ज्यांच्या पाहुण्यांस न्याहारीस बाईंचाच स्कोन जाई आणि ज्यांच्या जिवावर दुकान चाले, ते येऊन बोलिले, "बाई, राग मानू नका, पण तुमचा स्कोन घशाखाली चहाने ढकलावा लागतो. शनिवारी लोणीमंडळाची वार्षिक सभा माझ्याकडे आहे. तेव्हाही असाच झाला तर मला दुसरीकडे बघावं लागेल हो." बाई बोलिल्या, "हातच गेला माझा, डेर्मटराव. म्हातारी झाले." आणि दार लावोन ओक्साबोक्शी रडल्या, कारण हात गेला म्हणजे दुकान गेले, आणि दुकानावाचून बाईंस दुसरे काही ठाऊक नव्हते.

शनिवारी प्रातःकाळी पीठ मळता मळता बाईंनी रेडिओवर नित्याचे बाजारवर्तमान ऐकिले, ते ऐसे की, लोणीमंडळास नफा दांडगा जाहला, पुडा आठव्या हिश्शाने लहान केला तो गिऱ्हाइकाच्या ध्यानीही आला नाही. बाईंचा हात पिठातच थबकला. मग शेजारच्या मासेवालीचा तराजू आणविला, पुडा तोलिला, आणि बाई ओरडल्या, "अगं बाई! हात शाबूत आहे माझा! लोणी खाल्लं मेल्यांनी!" मग पुरते रतलभर लोणी तोलोन घातले आणि स्कोन भाजिले, ते ऐसे खुसखुशीत की वासाने डेर्मटराव धावत आले. आणि मग बाईंनी सुरी घेऊन प्रत्येक स्कोनाचा आठवा हिस्सा छाटिला.

सभेत अहवाल जाहले, टाळ्या जाहल्या, चहा आला, आणि बाईंनी स्वहस्ते स्कोन वाढिले. फिंतानरावांनी स्कोन उचलिला आणि भुवई चढविली. "बाई, हा कुणी कुरतडला?"

"कुणी नाही, साहेब. दर तोच, नग तेवढा लहान. गिऱ्हाइकाच्या ध्यानी येत नाही म्हणतात."

"मग उरलेला तुकडा कुठाय?"

"तो नफ्यात गेला, साहेब."

मागे गाईवाले सभासद बैसले होते, ते ऐसे हसले की दोघांचा चहा सांडला, आणि फिंतानराव लालबुंद होऊन खाऊ लागले, आणि मग दुसरा मागोन घेतला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. फिंतानराव "विचार करू" म्हणाले, आणि पुडा आजतागायत लहानच आहे. डेर्मटरावांनी न्याहारी बाईंकडेच ठेविली. बाईंनी स्वतःचा तराजू घेतला, आणि आता घाणा बिघडला तर आधी पुडा तोलितात, मग स्वतःस बोल लावितात.