शेजारच्या ताऱ्याची भानगड

"आई, तुला जास्त कोण आवडतं? मी की ती दीर्घिका?"

हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती. लेकीने विचारलं. आई संगणकात नाक खुपसून बसलेली. पडद्यावर डोंगरावरच्या दुर्बिणीने टिपलेली तिची लाडकी सक्रिय दीर्घिका, म्हणजे पोटातल्या कृष्णविवरापायी कधी उजळणारी, कधी मंदावणारी. लेकीच्या जन्माआधीपासून आई तिच्यावर डोळा ठेवून होती.

"हं, थांब जरा. तिचं काहीतरी बिनसलंय."

"बघा बाबा, मिळालं उत्तर."

बाबा पळी घेऊन दारात उभे होते. "अगं, मी लग्नापासून थांबलोय. तू तर आत्ता रांगेत आलीस."

लेकीच्या शाळेच्या सुट्टीभर दीर्घिका मंदावतच चालली होती. आईची तहानभूक हरपली. तिने देशोदेशीच्या दुर्बिणवाल्यांना कळवलं. बिचाऱ्यांनी हातची कामं टाकून दुर्बिणी तिकडे वळवल्या. सगळ्यांचं उत्तर एकच: बाईसाहेब, तुमची दीर्घिका ठणठणीत आहे.

आईचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचं नाव, आता सगळे हसणार. तिने छायाचित्रं पुन्हा उघडली. दीर्घिकेचा उजेड मोजायचा तर तो शेजारच्या एका स्थिर उजेडाच्या ताऱ्याशी ताडून बघतात. छायाचित्रातला तो तारा टिचकी मारून संगणकाला दाखवायचं काम सुट्टीत लेकीकडे होतं.

"हा शेजारी कुणी बदलला?"

"मी. तुझा तारा अगदीच मख्ख होता गं. हा कसा लालसर, गोड. कोपऱ्यात एकटाच बसला होता."

"मख्ख होता म्हणूनच निवडला होता, बाळा. तुझा हा गोडुला रोज उजळत चाललाय."

"म्हणजे शेजारी श्रीमंत झाला, म्हणून आपण गरीब ठरलो," बाबा म्हणाले.

लेकीचे डोळे भरून आले. "मी तुझं नाव घालवलं ना?"

आईने चक्क संगणक बंद केला आणि तिला कुशीत ओढलं. "तुझ्यासाठी मागेन मी सगळ्यांची माफी. दीर्घिकेसाठी नसती हं मागितली."

कित्येक दिवसांनी तिघं एकत्र जेवायला बसली. घास तोंडाशी नेतानेता लेक थांबली.

"आई, त्या लालसर ताऱ्यावर लक्ष कोण ठेवतं?"

"कुणी नसेल. सगळ्यांना दीर्घिकाच हवी असते."

लेक ताटावरून उठली.

"मग माझं ठरलं. मी ठेवणार, म्हातारी होईपर्यंत. आणि आजपासून मला जेवायला हाका मारू नका, मी कामात असेन."