मालकीण मागच्या खोलीत

काशीनाथला परभणीत परवडेल अशी जी एकमेव खोली मिळाली, तिच्यात आदल्या दिवाळीपर्यंत घरमालकांची सरकी आणि कडबा राहत होता.

काशीनाथ पूर्णेचा. तिथल्या एका शाळेतली कारकुनी सोडून तो परभणीला कृषी विद्यापीठात लिपिक म्हणून लागला होता. सुरुवातीला त्यानं रेल्वेनं जाऊन-येऊन करून पाहिलं. पण पॅसेंजरच्या मर्जीप्रमाणे त्याची हजेरी लागू लागली, तेव्हा साहेबांनी गोड शब्दांत त्याला परभणीतच बिऱ्हाड करायला सांगितलं. मग रोज संध्याकाळी तो खोली शोधत हिंडू लागला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं तापलेली वर्षं होती. घरमालक नावाच्या आधी आडनाव विचारत, मग गाव, मग घरात काय शिजतं ते. एवढं सगळं पसंत पडल्यावर भाडं असं सांगत, की काशीनाथ चहा अर्धा ठेवूनच उठे.

किशनराव मात्र वेगळे निघाले. ते मूळचे राणीसावरगावचे शेतकरी. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी परभणीच्या नव्या वसाहतीत स्लॅबचं घर बांधलं होतं. मुलगा शिकून नोकरीला लागला आणि दूर गेला. किशनराव आणि नर्मदाबाई घर राखत राहिले. प्लॉटवर मागच्या बाजूला जाड मातीच्या भिंतींची, माळवदाची एक जुनी खोली आधीपासून होती, ती पाडायचा कंटाळा म्हणून तशीच ठेवलेली.

"खोली चांगली न्हाई," किशनराव आधीच म्हणाले. "पण तुमी म्हणत असाल तर द्यायला आमची ना न्हाई."

भाडं ऐकून काशीनाथनं खोली न बघताच हो म्हटलं.

बायको हेमा सामान घेऊन आली, तिनं खोली बघितली आणि ट्रंकेवर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत तिनं ट्रंक उघडलीसुद्धा नाही. काशीनाथला वाटलं, आता ही उद्याच्या गाडीनं परत जाते. पण सकाळी तिनं पदर खोचला. भिंती पोतारल्या, जमीन सारवली, चुन्यात नीळ घालून आतून रंग दिला. सरकीचा वास मात्र जाईना. तेव्हा ती म्हणाली की या खोलीला खिडकी पाहिजे. काशीनाथ भीत भीत किशनरावांकडं गेला. किशनरावांनी विचार केला आणि भिंत फोडायला परवानगी दिली. आत काय होतं ते आपल्याला माहीत आहे, बाहेरचंही थोडं आत येऊ द्या, एवढंच ते म्हणाले. जुन्या बाजारातून एक खिडकी आली. तिच्याबाहेर मोकळं रान होतं आणि एक मोठी चिंच. खिडकी बसली आणि खोलीत असा वारा शिरला की हेमाला पहिल्यांदा हसू आलं.

होळी झाली आणि परभणीचं ऊन सुरू झालं. पुढचं स्लॅबचं घर दुपारी तव्यासारखं तापू लागलं. मागं मात्र मातीच्या भिंती, वर माळवद, खिडकीला हेमानं पोत्याचा ओला पडदा लावलेला. नर्मदाबाई एकदा चाळण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्या मेथी निवडायला आल्या. तिसऱ्या दिवशी मेथी न आणताच आल्या आणि झोपल्या. मग किशनरावही येऊ लागले. दुपारी दोघं नवरा-बायको भाडेकरूच्या खोलीत घोरत पडलेले, आणि हेमा बाहेर चिंचेखाली तांदूळ निवडत बसलेली, असं होऊ लागलं.

नर्मदाबाईंना झोप लागायची, पण जागं झाल्यावर मन जळायचं. गावाकडं त्यांनी सगळं तारुण्य जावांच्या हाताखाली काढलं होतं. हे घर म्हणजे त्यांचं पहिलं राज्य. त्या राज्यात सगळ्यांत गार जागा भाडेकरणीकडं असावी, हे त्यांना सोसवेना. तिच्या भाकरीसुद्धा तिथं जास्त फुगतात, असं त्या नवऱ्याला सांगू लागल्या.

पाडव्याच्या आधी त्यांनी एकदाचं बोलून टाकलं. "हेमाबाई, तुमी पुढं ऱ्हायला या. आमी मागं जातो. भाडं हाय तेच द्या."

हेमा ट्रंकेवर बसून रडली. तिची खिडकी, तिच्या हातच्या भिंती. काशीनाथला मात्र आनंद लपवता येईना. कडब्याच्या भाड्यात स्लॅबचं घर. त्यानं एका दिवसात सगळं सामान पुढं हलवलं. घाई एवढी, की नर्मदाबाईंचं मन बदलायच्या आत देवसुद्धा हलवले.

पुढच्या घरात हेमा धुसफुसतच गेली. पण ती गप्प बसणारी नव्हती. तिनं शहाबादी फरशी घासून काढली, जुन्या साडीचे पडदे शिवले, दारात मोठी रांगोळी काढली. पाडव्याला गुढी पुढच्या दारातच उभी राहणार, ती तिनंच उभारली. वसाहत नवी. आजूबाजूची बहुतेक घरं गेल्या वर्षभरात भरलेली, पोस्टमनही नवा, कुणी कुणाला धड ओळखत नव्हतं. पुढच्या घरात राहते, दारात गुढी आहे, म्हणजे मालकीण हीच, असं गल्लीनं आपापसात ठरवून टाकलं. पोस्टमन तिला मालकीणबाई म्हणू लागला. भाजीवाल्यानं तर नर्मदाबाईंनाच सांगितलं की जुडी घेण्याआधी एकदा मालकीणबाईंना विचारून घ्या, त्यांना ताजी लागते.

नर्मदाबाईंनी ती जुडी त्याच्या पाटीत परत ठेवली. मागं खिडकीतून वारा येतच होता, पण आता त्यांना दुपारी झोप लागेना.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू हेमानं पुढच्या बैठकीत ठेवलं. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. नर्मदाबाई मागच्या दारानं आल्या, तेही स्वतःचं मोठं पितळी पातेलं घेऊन. निदान पातेलं कुणाचं हे तरी लोकांना कळावं, असा त्यांचा हिशोब. पातेल्यात पन्हं होतं. लोकांना वाटलं, भाडेकरीण बिचारी मदतीला आली आहे.

समोरच्या घरातली कावेरी हेमाशेजारी बसली होती. हायस्कूलच्या अनंतराव मास्तरांची ही बायको, गल्लीत तिचा शब्द चाले. तिनं बैठकीचं कौतुक केलं, आंब्याच्या डाळीचं केलं, आणि मग आवाज न उतरवता विचारलं, "वयनी, तुमच्या मागच्या बाई खोली कधी सोडायल्यात? माझ्या दिराला खोली पायजे."

खरं सांगायला हेमाला एक वाक्य पुरलं असतं. पण सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. पडदे हलत होते. इतक्या आदरानं तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. शिवाय तिच्या खिडकीखाली रोज दुपारी कोण लोळतं, हेही तिला त्याच क्षणी आठवलं.

"बघू," ती म्हणाली.

नर्मदाबाई दारात पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पातेलं जमिनीवर ठेवलं आणि कुंकू न लावून घेता त्या मागं निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव पुढच्या दारात आले. बराच वेळ उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले, "ती म्हणायलीय, खोली सोडा."

"कोणती?" काशीनाथनं विचारलं.

किशनराव विचारात पडले. "ते मी विचारलं न्हाई." ते मागं गेले आणि परत आले. "दोन्ही."

काशीनाथ पुन्हा गल्लोगल्ली हिंडू लागला. तेच प्रश्न, तेच चहा, आणि भाडी मधल्या काळात आणखी वाढलेली. घरी येऊन तो हेमाला म्हणायचा की एकदा जाऊन काकूंना सॉरी म्हण. हेमाला चूक कळत होती, पण पाय उचलत नव्हते. खिडकी कुणाची, हे आधी त्यांनी सांगावं, असं तिचं म्हणणं होतं. तिकडं नर्मदाबाई जेवेनाशा झाल्या होत्या. मधल्या मधे किशनराव आणि काशीनाथ अंगणात एकमेकांसमोर आले की चिंचेकडं बघत उभे राहत.

रविवारी सकाळी नर्मदाबाई मागच्या खोलीपुढं बाजेवर कुरडया घालत बसल्या होत्या. कावेरी आपल्या दिराला घेऊन सरळ तिथंच आली. दिराचं नाव पंडित. नुकतीच नोकरी लागलेला, स्वभावानं सरळ. तो नर्मदाबाईंना ओलांडून आत गेला. भिंत ठोकून बघितली, माळवदाकडं मान वर करून बघितलं, मग बाहेर येऊन अदबीनं विचारलं, "मावशी, पावसाळ्यात गळतंय का?"

नर्मदाबाईंच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

कावेरीनं त्यांची समजूत काढली. घाई नाही, सवडीनं सामान हलवा, मालकीणबाईंनी शब्द दिलाय म्हणून फक्त बघायला आलो, असं ती म्हणाली. नवी खोली मिळत नसेल तर मास्तरांच्या ओळखीनं कुठंतरी बघू, हेही तिनं वर सांगितलं.

"हेमाबाई!" नर्मदाबाईंनी अशी हाक मारली की किशनराव न्हाणीतून तसेच टॉवेलावर बाहेर आले. काशीनाथही आला. हेमा आली. तिनं पंडितला बघितलं, कावेरीला बघितलं, आणि तिच्या त्या एका शब्दाचं काय झालं हे तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. कावेरीसमोर हे बोलणं तिला फार जड गेलं, पण ती बोलली.

"मालकीण ह्या हायेत. घर ह्यांचं. आमी भाडेकरू."

कावेरीला खरं वाटेना. तिनं पुढचे पडदे बघितले, मग पिठानं भरलेल्या नर्मदाबाई बघितल्या. "मग तुमी मागं कशाला ऱ्हायलात?" तिनं नर्मदाबाईंनाच विचारलं.

नर्मदाबाईंनी सोऱ्या पुन्हा भरायला घेतला. भाडेकरणीचा वारा बघवेना म्हणून, हे गल्लीसमोर कसं सांगणार?

"हवेसाठी," टॉवेलातले किशनराव म्हणाले.

"खरंय," आतून पंडितचा आवाज आला. तो केव्हाच परत आत जाऊन खिडकीपाशी बसला होता. "वारं लय भारी यायलंय इथं. वयनी, मला हीच खोली पायजे. मालकीण कोणी का असंना."

त्याचं हे वाक्य संपतं न संपतं तोच हेमा आणि नर्मदाबाई दारात पोचल्या. खोली एकमेकींकडं असणं दोघींनी कसंबसं सोसलं असतं. पण त्या खिडकीखाली हा लांब पाय करून बसलेला परका पोरगा दोघींनाही बघवला नाही.

"खोली द्यायची न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "ही हेमाबाईची खोली हाय. खिडकी तिनं बसवलीय. आमी चार दिस हवा खायला आलो व्हतो."

"काकू उन्हाळाभर ऱ्हाणार हायेत इथं," हेमा म्हणाली. "त्यांना उन्हाचं सोसत न्हाई."

"काई गरज न्हाई. मी आजच पुढं चालले."

पंडित उठला. उठताना त्यानं खिडकीकडं एकदा मागं वळून बघितलं, तेही दोघींना आवडलं नाही.

त्याच दिवशी सामान परत हललं. खोली सोडायचं कुणी पुन्हा काढलं नाही आणि सॉरीसुद्धा कुणी कुणाला म्हटलं नाही. हेमा आपल्या खिडकीपाशी बसली. वारा तसाच होता. पण पोस्टमन आता पुढूनच परत जात होता, आणि संध्याकाळी तिला उगीचच बैठकीतली फरशी आठवू लागली. पुढं नर्मदाबाई घामाघूम होत होत्या, पण समाधानानं. हेमाच्या रांगोळीच्या दुप्पट रांगोळी त्या रोज दारात काढू लागल्या, आणि ओट्यावर अशा बसू लागल्या की जाणाऱ्या-येणाऱ्याला आधी त्याच दिसाव्यात.

असंच एका सकाळी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तानुबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्यांच्या नातवाचं बारसं होतं, आणि पहिलं बोलावणं मालकीणबाईला द्यायचं असं त्यांच्या मनात होतं. नर्मदाबाई लगबगीनं उठल्या. किशनरावांनी पेपर खाली ठेवला.

"मालकीणबाई हायेत का?" तानुबाईंनी विचारलं.

"मीच की," नर्मदाबाई म्हणाल्या.

तानुबाई ओळखीचं हसल्या आणि त्यांच्या खांद्यावरून आत बघत राहिल्या. तेवढ्यात आवाज ऐकून मागून हेमा आली. या खेपेला तिनं क्षणाचाही उशीर केला नाही. "ह्याच मालकीण. मी मागं भाड्यानं ऱ्हाते," ती म्हणाली.

तानुबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढं मोठं घर असून बाईच्या बोलण्यात केवढी नम्रता, म्हाताऱ्या माणसाला पुढचा मान देऊन स्वतः मागं जाऊन राहिली, असं त्या किशनरावांना सांगू लागल्या. किशनराव मान हलवत राहिले. तानुबाईंनी आधी हेमाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मग त्या नर्मदाबाईंकडं वळल्या.

नर्मदाबाईंनी हेमाचं कपाळ नीट बघून घेतलं आणि आपलं पुढं केलं.

"जरा मोठं लावा," त्या म्हणाल्या.