सात लाभे सात

आमच्या शेजारचे शेलारकाका 'एक' हा आकडा तोंडातून काढत नाहीत. शिवी देतील, आणि चांगली सणसणीत देतील, पण एक म्हणणार नाहीत.

त्यांचा तरी काय दोष! चाळीस वर्षं मार्केट यार्डात धान्याची पोती मोजण्यात गेली. तिथली जुनी रीत अशी, की पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. बाकीच्यांनी निवृत्त होताना ती रीत यार्डातच ठेवली. काका घरी घेऊन आले. "आवो ताई, त्यो आकडा घेतला की माप तिथंच थांबतं," हे त्यांचं शास्त्र.

वडापावच्या गाडीवर जाऊन काका सांगतात, "लाभ वडापाव द्या." गाडीवाला म्हणतो, "तो नाही ठेवत आपण. साधा आहे आणि चीज आहे." दुपारचा एक त्यांच्या घड्याळात वाजतच नाही, साडेबाराच्या पुढं अर्धा तास होतो. सोसायटीच्या फॉर्मवर 'घरातील व्यक्ती' या रकान्यात त्यांनी 'लाभ' लिहिलं, तर आमच्या सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: 'श्री. लाभ यांचा भाडेकरार त्वरित सादर करावा. सबबी सांगू नयेत.'

तर अशा माणसाकडे मी माझी मुलगी गणित शिकायला पाठवली. आता बोला!

पण माझाही इलाज नव्हता. सई तिसरीत. दर गुरुवारी शाळेत पाढ्यांची तोंडी परीक्षा, आणि दर गुरुवारी सकाळी हिच्या पोटात दुखायचं. नाटक नव्हतं हो, पोर पांढरीफटक पडायची. मी आधी समजावलं, मग ओरडले, मग दोघी मिळून रडलो. सातचा पाढा जागचा हलेना. काकांनी हे जिन्यात ऐकलं आणि म्हणाले, "पाठवा की माझ्याकडं. पोती मोजनाऱ्याला गुनाकार येत नसंल, तर मग कुनाला यील?"

काकांचा गुणाकार म्हणजे थप्पी. रिकाम्या काड्यापेट्या म्हणजे पोती. थरात सात पेट्या, असे सहा थर. "मोजत बसू नगंस. थर बघ आन् बोल!" सई ओरडायची, "बेचाळीस!" लगेच काका गरजायचे, "माप भरलं!" पहिल्यांदा भिंतीपलीकडून ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच पापाचं भरलं.

भागाकार शेंगदाण्यांचा. तेवीस शेंगदाणे चार वाट्यांत सारखे वाटायचे. वाटीत पाच-पाच गेले, बाकी तीन. ही बाकी काका खिडकीबाहेर ठेवायचे, कबुतरांना. आठवड्याभरात सईच्या आधी कबुतरांना भागाकार आला. संध्याकाळी पाचला वीस-पंचवीस जण आमच्या गॅलरीत येऊन बसू लागले. मी गुणाकाराच्या दिवशी कपडे बाहेर वाळत घालायचे आणि भागाकाराच्या दिवशी घरात. शेवटी हात जोडले. म्हटलं, "काका, निदान बाकी उरणार नाही अशी गणितं घाला!"

"मंग त्यांनी खायाचं काय?" काका म्हणाले.

काही म्हणा, पण गुरुवारचं पोट दुखायचं थांबलं. सई जिना चढताना सातचा पाढा म्हणायची, आणि गुणगुणत म्हणायची. मला तर काकांची दृष्ट काढावीशी वाटत होती.

मग शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी सईचा पेपर माझ्यापुढे सरकवला. बावीस भागिले सात. भागाकार तीन, बरोबर. बाकीच्या जागी चक्क 'लाभ'. तोंडी परीक्षेत तर हिने 'सेव्हन लाभ जा सेव्हन' असं ठणकावून सांगितलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता.

"घरी कुठली भाषा बोलता?" बाईंनी विचारलं.

"मराठी."

"नक्की?"

मी तणतणत घरी आले ती थेट काकांच्या दारात. "काका, उद्यापासून सई येणार नाही. साधा एक म्हणता येत नाही तुम्हाला? पोरीचं हसं झालं वर्गात!" काकांच्या मुठीत शेंगदाणे होते. ते मुठीतच राहिले. "बरं ताई," एवढंच म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी सईचं पोट पुन्हा दुखलं. भिंतीपलीकडे सामसूम. मी मनाला बजावलं, आपण केलं तेच बरोबर आहे. ते काही पटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाक करत होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "ए... ए... ए..." मला वाटलं, घास अडकला की काय! गॅस तसाच ठेवून धावले. दार उघडंच होतं.

आत काका पाटावर मांडी घालून बसलेले, कपाळावर घाम. समोर माझी लेक, खाली खेळायला जाते म्हणून गेलेली, हातात पट्टी.

"घाबरू नका आजोबा," सई सांगत होती. "मला पण होतं असं. हळूहळू म्हणा. सात एके?"

"सात ए... सात ए..."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, राहू द्या हो," मी म्हटलं. "माझं चुकलं. तुम्ही लाभच म्हणा. शाळेला मी बघते."

"न्हाई ताई. पोरीला हसले ना समदे." काकांनी पंच्याने कपाळ पुसलं. "चार दिस सकाळी म्हनून बघतोय. मालती, माझी कारभारीन, व्हती तवर ह्या आकड्याचं काय वाटत नव्हतं, यार्डातली सवय म्हनून टाळायचो. आता रिकाम्या घरात म्हनाय गेलं, की लई मोठा ऐकू येतो. घशातनं निघतच न्हाई." ते सईकडे बघून जरासे हसले. "ही समोर बसली, तर निघंल असं वाटतंय."

घरी जाऊन गॅस बंद करून आले. मग चपला दाराशी काढल्या आणि सईच्या शेजारी फरशीवर बसले.

"म्हणा काका," मी म्हटलं. "आम्ही दोघी बसलोय इथे."